लिंबूटिंबू ते भिडू : रोबोंच्या स्पर्धेतील नवख्या संघांची कहाणी

ऑगस्ट २००८ च्या अखेरीस पुण्याच्या बालेवाडी क्रीडासंकुलात एक आगळीच दहीहंडी झाली. त्या वर्षीचा गोपाळकाला नुकताच सरला होता. पण इथे हंडीपर्यंत पोहोचण्यासाठी धडपडत होते ते आशिया-प्रशांत विभागातील देशोदेशीच्या विद्यार्थ्यांनी बनवलेले रोबो. स्पर्धेचे नाव एबीयू रोबोकॉन आणि त्या वर्षीच्या खेळाचे नाव 'गोविंदा'. उंचावरच्या हंड्यांतून लोण्याचे ठोकळे काढायचे, अशी मूळ कल्पना. जिंकला चीनच्या शिआन जिआओतोंग विद्यापीठाचा संघ. आदल्या वर्षी हनोईतही तोच जिंकला होता. खेळ आपल्या गल्लीतला आणि लोणी मात्र नेले चिनी मुलांनी!

अशा स्पर्धेबद्दल आपण मराठी माणसे पहिला प्रश्न विचारतो, "आपला संघ कितवा आला?" प्रश्न चुकीचा नाही. पण या स्पर्धांचा इतिहास वाचताना मला दुसऱ्याच गोष्टीचे कुतूहल वाटू लागले. जे संघ पहिल्यांदाच उतरतात, ज्यांच्याकडे ना अनुभव, ना चांगली अवजारे, ना वरच्या वर्गातले शिकवणारे कोणी, ते या गुंतागुंतीच्या खेळात नेमके काय करतात? लहानपणी अंगणातल्या खेळात धाकट्या भावंडाला आपण 'लिंबूटिंबू' म्हणून घेत असू. तो खेळायचा, पण त्याचे बाद होणे धरायचे नाही आणि त्याने कुणाला बाद केले तर तेही नाही. नवखे संघ म्हणजे रोबोंच्या स्पर्धेतले लिंबूटिंबूच का? बरीच वर्षे उत्तर 'होय' असेच होते. ते कसे बदलले, ही गोष्ट सांगण्यासारखी आहे.

या स्पर्धांची दोन कुळे आहेत. एक अमेरिकन. मॅसॅच्युसेट्सच्या एमआयटीत वुडी फ्लॉवर्स नावाचे प्राध्यापक १९७० च्या दशकात यंत्ररचनेचा एक वर्ग चालवत. प्रत्येक विद्यार्थ्याला सारख्याच सटरफटर वस्तूंचा डबा मिळे. त्यातूनच यंत्र बनवायचे आणि सत्राच्या शेवटी इतरांच्या यंत्रांशी झुंजवायचे. दुसरे कूळ जपानी. तोकियोचे प्राध्यापक मासाहिरो मोरी यांच्या प्रेरणेने एनएचके या दूरचित्रवाणी संस्थेने १९८८ साली तंत्रनिकेतनांची स्पर्धा सुरू केली. पहिल्या वर्षीचा विषय होता साध्या बॅटरीवर माणूस वाहून नेणारी गाडी. पुढे एनएचकेच्या पुढाकाराने आशिया-प्रशांत प्रसारण संघटनेने, म्हणजे एबीयूने, २००२ पासून आंतरराष्ट्रीय रोबोकॉन भरवली. आपले दूरदर्शन या संघटनेचे सदस्य, म्हणून भारत त्यात आला. राष्ट्रीय फेरी अनेक वर्षे पुण्यात भरत असे आणि तिच्या आयोजनात पुण्याची एमआयटी असे. म्हणजे एका कुळाच्या मुळाशी एक एमआयटी आणि दुसऱ्या कुळाच्या पुण्यातल्या अंगणात दुसरी! (आपल्यापैकी किती जणांनी नातेवाइकांना "नाही हो, ती नव्हे, ही कोथरूडची" असे समजावले असेल?)

जपानी कुळात प्रत्येक विद्यापीठ स्वतःच्या बळावर उतरते. नवख्यांना सवलत नाही. तरी २००२ साली तोकियोत झालेली पहिलीच स्पर्धा यजमानांच्या डोळ्यांदेखत व्हिएतनामच्या हो ची मिन्ह सिटी तंत्र विद्यापीठाने जिंकली. २००४ आणि २००६ सालीही व्हिएतनामच जिंकले. म्हणजे नवखा माणूस मोठी बाजी मारू शकतो. पण खरे सांगायचे तर हे अपवादाचे उदाहरण आहे, आणि अशा उदाहरणांनी बाकीच्या शंभर संघांचे काही भले होत नाही.

मला अधिक शिकवले ते अमेरिकन कुळाने. संशोधक डीन केमन यांनी १९८९ साली 'फर्स्ट' ही संस्था काढली आणि वुडी फ्लॉवर्स त्यांना येऊन मिळाले. पहिली स्पर्धा १९९२ साली न्यू हॅम्पशायर राज्यातल्या मँचेस्टर गावी, एका शाळेच्या व्यायामशाळेत झाली. संघ होते २८. मैदानात एका वेळी चार रोबो आणि प्रत्येक जण स्वतःपुरता. अशा खेळात नवख्याचे भवितव्य ठरलेले असते. हरायचे, टाळ्या वाजवायच्या आणि सामान भरून घरी जायचे.

१९९९ साली नियम बदलला. दोन-दोन संघांची युती करून खेळायचे. २००१ साली तर चारही रोबो एकाच बाजूला आणि समोर प्रतिस्पर्धीच नाही, असा विलक्षण प्रयोग झाला. २००५ पासून तीन विरुद्ध तीन हे रूप आले. प्राथमिक फेऱ्यांत तुमचे जोडीदार कोण, हे तुम्ही ठरवत नाही. या सामन्यात जो शेजारी, तोच पुढच्या सामन्यात समोर.

या एका बदलाने केवढी उलथापालथ झाली पाहा. नामांकित संघाचा पुढचा सामना कुणा नवख्यासोबत असेल, तर त्या नवख्याचा रोबो चालणे ही आता नामांकितांचीच गरज झाली. मग त्यांची मुले पाने-पेचकस घेऊन शेजारच्या मांडवात जाऊ लागली. फ्लॉवर्स यांनी 'ग्रेशस प्रोफेशनॅलिझम' हा शब्दप्रयोग रूढ केला. जीव तोडून खेळा, पण समोरच्याचा मान आणि अडचण दोन्ही सांभाळा, असा त्याचा भावार्थ. शब्द सुंदर आहे, पण माझ्या मते नुसत्या शब्दाने काम झाले नसते. नियमांनी सौजन्याला गुण मिळवून दिले, म्हणून ते टिकले.

त्याहून मजेची आहे ती बाद फेरीची निवड. प्राथमिक फेऱ्या संपल्या की वरचे आठ संघ कर्णधार होतात आणि आपापले भिडू निवडतात. पहिल्या खेपेस निवड एक ते आठ अशी चालते. दुसऱ्या खेपेस उलटी, आठ ते एक. म्हणजे पहिल्या क्रमांकाच्या संघाची तिसरा भिडू निवडायची पाळी येते, तेव्हा तेवीस संघ आधीच ठरलेले असतात. नाव कमावलेला कुणी उरलेला नसतो. अशा वेळी ते शोधतात इतरांच्या नजरेतून सुटलेला, एकच काम करणारा पण ते दर वेळी करणारा रोबो. गुणतक्त्यात तळाशी असलेला नवखा संघ यामुळे अचानक अव्वल युतीत जाऊन बसतो. मात्र कुणाच्या तरी वहीत त्याच्या नावापुढे 'प्रत्येक सामन्यात चालला' अशी नोंद असावी लागते.

२०१४ सालचा खेळ या दृष्टीने मुद्दाम पाहण्यासारखा आहे. नाव 'एरियल असिस्ट'. मोठा चेंडू उंच गोलात टाकला की १० गुण. पण टाकण्यापूर्वी तो युतीतल्या दोन रोबोंनी आपापल्या टापूत हाताळला असेल तर वर आणखी १०, आणि तिन्ही रोबोंनी हाताळला असेल तर वर ३०. आता हिशोब करा. ज्याला चेंडू फेकता येत नाही, उचलताही धड येत नाही, पण जो चेंडू घेऊन पुढच्याकडे सोपवू शकतो, असा चाकांवरचा खोका आपल्या युतीला दर खेपेस २० गुण जास्त मिळवून देत होता. गोल करणाऱ्याच्या दुप्पट! याउलट ज्या नवख्या संघाने हाती असलेले सहा आठवडे भव्य फेकयंत्र बनवण्यात घालवले आणि ते मैदानात अडकून बसले, त्याच्यामुळे युतीचे ते वीसही गेले.

कॅनडातील ओंटारिओचा 'सिंबॉटिक्स' हा या स्पर्धेतला मातब्बर संघ. त्यांच्याकडून प्रसिद्ध झालेला एक हिशोब मी आमच्या व्यवसायातल्या तरुण सहकाऱ्यांनाही सांगतो. समजा तुमच्याकडे एकूण कष्टाचे ३० शेर आहेत आणि एखादे काम उत्तम व्हायला १० लागतात. तर पाच कामे प्रत्येकी ६ ची करण्यापेक्षा तीन कामे १० ची करा. नवख्याकडे तर बहुधा दहाच शेर असतात, म्हणजे काम एकच. ते निवडायचे कसे? आधी खेळ पूर्ण समजून घ्यायचा आणि मग कोणते काम करायला कुणीच राजी नाही, ते पाहायचे. सगळ्यांना गोल करायचा असतो. चेंडू पुरवायला, प्रतिस्पर्ध्याच्या वाटेत नियम न मोडता उभे राहायला, शेवटच्या काही सेकंदांत ठरलेल्या जागी परत यायला फारसे कुणी उत्सुक नसते. आणि दंड न होऊ देणे हेही एक कामच आहे. नियमपुस्तिका तोंडपाठ असलेली एक मुलगी संघात असली, तर ती एखाद्या मोटरीइतकी मोलाची.

रोबो बिघडला तरी काम संपत नाही. निवडीच्या वेळी अव्वल संघांना हवी असते माहिती. कोणता रोबो किती वेळा बंद पडला, कोण डावीकडूनच येतो, कोणाची साखळी निसटते. सहा मुले प्रेक्षकांत बसून प्रत्येक सामन्यात एकेका रोबोवर नजर ठेवून नोंदी करू शकतात. त्याला कसलेही यंत्र लागत नाही, फक्त पेन्सिल आणि चिकाटी लागते. नवख्या संघाने अशी नीटनेटकी नोंदवही दाखवली, तर मातब्बरांच्या चर्चेत त्याला खुर्ची मिळते.

योगायोग असा की २०१४ सालीच एबीयू रोबोकॉन पुन्हा पुण्यात आली, आणि खेळाची कल्पना होती पालकत्वाला वंदन. एक पालक-रोबो आणि एक बाळ-रोबो. पालकाने बाळाला उचलून सी-सॉ, झोपाळा, जंगल जिम अशा ठिकाणी न्यायचे आणि बाळाने आपले काम करायचे. विजेता पुन्हा व्हिएतनामचा, लाक होंग विद्यापीठाचा संघ. २०२२ साली दिल्लीतली स्पर्धा तर चक्क 'लगोरी'वर होती. एकाने लगोरी फोडून रचायची, दुसऱ्याने चेंडू मारून अडवायचे. जपानी कुळात युती नाही, हे खरे. पण एकाच संघातल्या दोन रोबोंमध्ये कामाची वाटणी कशी असावी, हा धडा तिथेही गिरवावा लागतो. ज्यांचा पालक-रोबोच सारा पराक्रम करायला जातो, त्यांचे बाळ खालीच राहते.

आता जरा आपल्या बाजूला येऊ. केमन यांच्याच पुढाकाराने २०१७ पासून शालेय वयाच्या मुलांसाठी 'फर्स्ट ग्लोबल' सुरू झाली. प्रत्येक देशाचा एकच संघ, सर्वांना सारखेच सामान आणि युती देशादेशांची. पहिल्या वर्षी वॉशिंग्टनमध्ये दीडशेहून अधिक देश आले. म्हणजे जवळजवळ सगळेच नवखे! अफगाणिस्तानच्या मुलींना व्हिसा दोनदा नाकारला गेला, शेवटच्या क्षणी मिळाला, आणि त्या जिद्दीसाठीचे रौप्यपदक घेऊन परतल्या. भारताचा संघ होता मुंबईच्या सात मुलांचा. त्याला अभियांत्रिकी रचनेसाठी सुवर्ण आणि सामन्यांसाठी कांस्य अशी दोन पदके मिळाली. २०१९ साली हीच स्पर्धा दुबईत भरली, म्हणजे मस्कतहून मोटारीने चार-पाच तासांवर. विषय होता समुद्रातले प्रदूषण. ज्या देशाचा सारा इतिहास समुद्रावर उभा आहे, त्याच्या शेजारी हा विषय यावा, हे मला फार औचित्यपूर्ण वाटले.

इथल्या आपल्या मुलांबाबत एक गोष्ट भारतापेक्षा वेगळी आहे, आणि तिचा विचार कमी होतो. पुण्यातल्या महाविद्यालयाचा संघ दहा-पंधरा वर्षे टिकतो. वरच्या वर्षाची मुले खालच्यांना घडवतात. आखातात कुणाच्या वडिलांचे कंत्राट संपते, कुणाची बदली अबू धाबीला होते, बारावी झाली की बहुतेक जण उच्च शिक्षणासाठी मायदेशी किंवा परदेशी जातात. दोन वर्षांत संघाची माणसे बदलतात. म्हणजे आपला संघ कागदोपत्री कितीही जुना असला तरी कायमच नवखा. मग आपण काय करतो? हौशी पालक एकत्र येऊन महागडे सामान आणतात, शिकवणी लावतात, आणि काही वेळा रोबोही तेच जोडतात. पदक मिळतेही. पण पुढच्या वर्षी आलेल्या मुलांना कपाटात सापडतो तो सुट्या भागांचा ढीग, आणि कुठला स्क्रू कशाला लावला होता हे सांगणारा कुणी मस्कतमध्ये उरलेला नसतो.

त्या कपाटात एक वही असावी. कोणती बॅटरी किती वेळ टिकते, कोणता गिअर घसरतो, चार प्रयत्न फसल्यावर पाचवा का चालला, कोणत्या संघाने ऐन वेळी तार उसनी दिली आणि ती परत करायची राहिली आहे. मुलांनीच लिहिलेली, त्यांच्याच भाषेत, खाडाखोडीसकट. जाणाऱ्या मुलाने ती येणाऱ्याच्या हाती द्यायची आणि शेवटच्या पानावर आपला ई-मेल पत्ता लिहायचा, मग तो पुढे पुण्यात असो की पर्थमध्ये.