रावळगावची वाटचाल : माळरान, ऊस आणि गोळी

फेब्रुवारी २०२४ मध्ये शेअर बाजाराला एक पत्र गेलं. द रावळगाव शुगर फार्म लिमिटेड या कंपनीने आपल्या गोळ्यांचे ट्रेडमार्क, पाककृती आणि बौद्धिक संपदेचे हक्क रिलायन्स कन्झ्युमर प्रॉडक्ट्सला २७ कोटी रुपयांना विकले होते. पान पसंद, मँगो मूड, कॉफी ब्रेक, टुटी फ्रुटी, चोको क्रीम, सुप्रीम ही सगळी नावं त्या यादीत होती. जमीन, इमारती आणि यंत्रसामग्री मात्र कंपनीकडेच राहणार होती.

पुढचे आठ-दहा दिवस महाराष्ट्रात ज्याला त्याला आपलं लहानपण आठवत होतं. शाळेतल्या वाढदिवसाला वर्गभर वाटलेल्या गोळ्या आठवल्या, वाण्याच्या दुकानातली काचेची बरणी आठवली, आजोबांच्या बंडीच्या खिशातून निघणारी गोळी आठवली. या आठवणी खऱ्या आहेत आणि त्या काढायलाच हव्यात. पण त्या ओघात रावळगाव हे आधी एक गाव आहे, मग कारखाना आणि शेवटी गोळी, हा क्रम मागे पडला. तो नीट लावून ठेवावा, यासाठी ही वाटचाल.

रावळगाव नाशिक जिल्ह्याच्या मालेगाव तालुक्यात आहे. कसमादे (कळवण, सटाणा, मालेगाव, देवळा) पट्ट्याच्या बाहेरचा माणूस हे गाव नकाशावर क्वचितच दाखवू शकेल, पण नाव ऐकलेलं नाही असा मराठी माणूस विरळा. इथे १९२३ साली वालचंद हिराचंद यांनी सुमारे दीड हजार एकर जमीन घेतली. खडकाळ, माळरानाची जमीन होती ती. वालचंद मूळचे सोलापूरचे. घरची परंपरा कापूस आणि सावकारीची, पण त्यात त्यांचा जीव रमला नाही. लक्ष्मण बळवंत फाटक या रेल्वेतून आलेल्या गृहस्थांबरोबर त्यांनी रेल्वेच्या कामांची कंत्राटं घेतली, पुढे बोरघाटातल्या बोगद्यांपर्यंत मजल मारली. १९१९ मध्ये सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन उभी राहिली तीही त्यांच्या पुढाकाराने. जहाजं, विमानं, मोटारी असं ज्याचं नाव पुढे निघालं, त्या माणसाने मालेगावच्या माळावर दगड वेचण्यात पैसा आणि वर्षं घातली, ही गोष्ट मला त्यांच्या जहाजांइतकीच मोठी वाटते. जहाजाच्या धंद्यात निदान समोर गिऱ्हाईक दिसत होतं. इथे आधी माती तयार करायची होती. अभियंते, रसायनतज्ज्ञ, शेतीतज्ज्ञ आणि मजूर यांनी मिळून ती केली, आणि त्या माळावर ऊस उभा राहिला.

साखर कारखाना आला १९३३ मध्ये. त्या वर्षाला कारण आहे. १९३२ च्या कायद्याने सरकारने आयात साखरेवर संरक्षक जकात लावली. तोवर जावाची साखर आपल्या बाजारावर राज्य करत होती. जकात बसताच देशात कारखान्यांची रीघ लागली. तिसाच्या आसपास असलेली संख्या दोन-तीन वर्षांत शंभराच्या पुढे गेली. रावळगावला ऊस आधीच होता, त्यामुळे ही संधी साधायला तिथे नव्याने धावाधाव करावी लागली नाही. पुढच्याच वर्षी इंदापूर तालुक्यात वालचंदनगरचा कारखाना सुरू झाला आणि वालचंदांच्या नावाचं गाव म्हणून ते जास्त गाजलं. रावळगावने मात्र आपलं जुनं नावच ठेवलं. म्हणून तर ते पुढे कागदावर छापलं जाऊन देशभर फिरलं.

गोळ्यांचा धंदा १९४२ च्या सुमाराचा. दुसरं महायुद्ध पेटलेलं होतं. आपल्याकडे गोळ्या बनवणारे तेव्हा अगदीच नव्हते असं नाही. मुंबईत विलेपार्ल्याला १९२९ मध्ये चौहान कुटुंबाने पार्लेचा कारखाना काढला तो बिस्किटांसाठी नव्हे, गोळ्यांसाठीच. बिस्किटं नंतर दहा वर्षांनी आली. पण पार्लेला साखर विकत आणावी लागे, रावळगावला ती घरची होती. उसाच्या शेतापासून बरणीतल्या गोळीपर्यंतचा सगळा प्रवास एकाच आवारात होऊ शकत होता.

उकळलेल्या साखरेची गोळी बनते कशी, हे तिच्या आठवणी काढणाऱ्यांपैकी फार थोड्यांना माहीत असतं. साखर, पाणी आणि द्रव ग्लुकोज एकत्र शिजवतात. हे ग्लुकोज मक्याच्या स्टार्चपासून होतं आणि त्याचं काम गोडी वाढवण्याचं नसून पाक साखरू न देण्याचं आहे. घरी आपण पाकात लिंबाचे चार थेंब पिळतो, त्यामागचं कारणही तेच. लाडवाचा एकतारी, बर्फीचा गोळीबंद या पायऱ्या ओलांडून हा पाक जवळजवळ दीडशे अंशांपर्यंत न्यावा लागतो. तेव्हा त्यात पाणी उरतं जेमतेम दोन-तीन टक्के. थंड झाल्यावर हा पाक दाणेदार होत नाही, काचेसारखा पारदर्शक आणि ठिसूळ होतो. शास्त्राच्या भाषेत ती साखरेची काचच असते. आंबटपणासाठी सायट्रिक आम्ल लागतं, पण ते अगदी शेवटी, पाक थोडा निवल्यावर घालतात. आधी घातलं तर साखर फुटते आणि गोळी बोटांना चिकटायला लागते. रंग आणि स्वादही याच वेळी मिसळतात. मग गरम गोळा मळून त्याचा दोर ओढायचा, साच्यातून गोळ्या पाडायच्या, गार करायच्या आणि हवेतला दमटपणा लागायच्या आत कागदात गुंडाळून दोन्ही टोकांना पीळ द्यायचा. या पिळात सगळी मेख आहे. पीळ सैल पडला की पावसाळ्यात गोळी कागदाला घट्ट धरते. आषाढ-श्रावणात गोळीला चिकटलेला कागद दातांनी सोलणारी आणि शेवटी उरलेल्या कागदासकट गोळी गालात सारणारी मुलं मी पाहिली आहेत, त्यांच्यातलीच एक होऊन.

रावळगावच्या गोळ्या गावोगाव पोचल्या आणि त्या मोठ्यांच्या पिशवीतही राहिल्या. एसटी लागणाऱ्या मुलासाठी घाट चढण्याआधी आई पर्समधून संत्र्याची आंबटगोड गोळी काढून देई. पंधरा ऑगस्ट आणि सव्वीस जानेवारीला झेंडावंदन झालं की शिपाईमामा पत्र्याच्या डब्यातून प्रत्येकाच्या हातावर एकेक ठेवत. किराणा दुकानात बिल झाल्यावर वाणी आपणहून मुलाला एक देत असे. तिला घरात कुणी मिठाई मानलं नाही. तिच्यासाठी सण लागत नव्हता, म्हणूनच ती इतक्या घरांत पोचली.

पान पसंदची गोष्ट वेगळी. मुलांनी पान खाल्लं की जीभ जड होते, अभ्यासात गोडी राहत नाही, असं आपल्याकडे घरोघर सांगत. लग्नाच्या पंगतीनंतर मोठ्यांच्या तबकातल्या गोविंद विड्याकडे मुलांनी नुसतं बघायचं. कात, चुना, सुपारी यांच्याशिवाय विड्याची चव, बडीशेप आणि गुलकंदाची आठवण करून देणारी गोडी, आणि तीही कागदात गुंडाळलेली, म्हणजे घरच्यांची संमती गृहीत. मला वाटतं, रावळगावच्या सगळ्या मालात स्वतंत्र बुद्धीची गोळी हीच. संत्री, लिंबू, रासबेरीचे स्वाद विलायतेतून आले होते. पानाची चव इथली होती आणि ती गोळीत आणावी असं इथल्या कारखान्याला सुचलं. दूरदर्शनवरची तिची जाहिरातही तशीच नेमकी होती. तुसडेपणाने दिलेलं उत्तर, गोळी तोंडात गेल्यावर तेच शब्द लाडात. त्यात अर्चना पूरणसिंग होत्या. आज पन्नाशीच्या पुढच्या माणसाला ती नुसती सुचवली तरी पूर्ण आठवते.

कॉफी ब्रेकनेही असंच एक काम केलं. चहावर वाढलेल्या घरांतल्या कित्येक मुलांनी कॉफीची चव पहिल्यांदा घेतली ती गोळीतून. मँगो मूड आंब्याचा हंगाम संपल्यावरही बरणीत असायची.

कारखान्याची वाटचाल या काळात सरळ नव्हती. १९६१ च्या कमाल जमीन धारणा कायद्याने खासगी साखर कंपन्यांच्या जमिनी सरकारकडे गेल्या. १९६३ मध्ये त्यासाठी शेती महामंडळ निघालं आणि रावळगाव हा त्याच्या मळ्यांपैकी एक झाला. ज्या मातीपासून सुरुवात झाली तीच कंपनीच्या हातून गेली. त्या काळात प्रवरानगरपासून सुरू झालेली सहकारी साखर कारखानदारी जोरात होती. शेतकऱ्याच्या मालकीचा कारखाना हा विचार मला न्याय्य वाटतो. खासगी कारखान्यांचे दिवस मात्र त्यात आकसत गेले. पुढे रावळगावच्या साखर कारखान्याची मालकीही बदलली आणि कंपनीजवळ उरल्या त्या गोळ्या.

गोळ्यांचा धंदा का बसला, याची कारणं कंपनीने स्वतःच सांगितली : कच्चा माल, ऊर्जा आणि मजुरी महागली, संघटित आणि असंघटित दोन्ही बाजूंनी स्पर्धा वाढली, आणि ज्या नाण्यावर हा धंदा चालला होता ते नाणंच चलनातून हरवलं. हे शेवटचं कारण समजून घेण्यासारखं आहे. गोळीची किंमत मुलाच्या मुठीतल्या नाण्याएवढी असते. साबणाची वडी दोन रुपयांनी महागली तर गिऱ्हाईक कुरकुरतं आणि घेतं. गोळी चार आण्यांवरून तीस पैशांवर जाऊ शकत नाही, कारण पाच पैसे कुणाजवळ नाहीत. ३० जून २०११ नंतर पंचवीस पैसे आणि त्याखालची नाणी चलनातून गेली. पन्नास पैसे कायद्याने राहिले, पण दुकानदार ते घेईना. मग किंमत एक रुपया, आणि तिथेच थांबलेली. साखर वाढो, डिझेल वाढो, रुपया तो रुपयाच. उत्पादकाच्या हाती उरतं वजन घटवणं किंवा नफा सोडणं.

तरीही सगळा दोष नाण्याला देता येत नाही. १९९४ मध्ये परफेटी ही इटालियन कंपनी भारतात आली आणि तिने वितरणाचं जाळं असं विणलं की पानाच्या टपरीपर्यंत तिचा माल दर आठवड्याला पोचू लागला. २०१५ मध्ये डीएस ग्रुपने कैरीची पल्स आणली. तीही उकळलेल्या साखरेचीच गोळी, किंमत तोच एक रुपया. आत मसाल्याची पूड भरलेली. आठ महिन्यांत तिची विक्री शंभर कोटींवर गेली. म्हणजे देशी चवीच्या एका रुपयाच्या गोळीला बाजार होता. चटकदार, ओळखीची, मोठ्यांनाही चघळावीशी वाटणारी चव ही वाट पान पसंदने कितीतरी आधी दाखवली होती. त्या वाटेवर रावळगाव पुढे चालत राहिलं असतं तर! नवा स्वाद, नवी जाहिरात, टपरीपर्यंतचा पुरवठा यांसाठी लागणारं भांडवल आणि उमेद मधल्या वर्षांत कमी पडली, असं माझं मत आहे. गिऱ्हाइकाने पाठ फिरवण्याच्या आधी दुकानातली बरणी रिकामी झाली होती. मागितलं तर मिळत नव्हतं, हे मी अनेक दुकानदारांकडून ऐकलं आहे.

अशा जुन्या नावांचं हेच होत आलं आहे. मद्रासच्या पॅरीज कन्फेक्शनरीचा ताबा २००४ मध्ये कोरियाच्या लॉटेकडे गेला. चित्तूरची न्यूट्रिन २००६ मध्ये गोदरेजने घेतली. रावळगाव त्यात उशिरा आलं, एवढंच. नव्या मालकाजवळ दुकानं आहेत, पैसा आहे, त्यामुळे पान पसंद पुन्हा गल्लीबोळात मिळणं अशक्य नाही, आणि मिळाली तर मला मनापासून आनंद होईल.

माझं मागणं दोनच गोष्टींचं आहे. पहिलं नव्या मालकाकडे : गोळीच्या कागदावर रावळगाव हे नाव छापत राहणार असाल, तर हे नाशिक जिल्ह्यातल्या एका गावाचं नाव आहे आणि गोळी तिथे जन्मली, एवढी एक ओळ पुड्यावर द्या. दुसरं नाशिक-मालेगावच्या महाविद्यालयांकडे आणि वाचनालयांकडे. पाकाच्या कढईजवळ, पिळाच्या यंत्रावर, पॅकिंगमध्ये आयुष्य काढलेली माणसं रावळगाव आणि आसपासच्या गावांत अजून आहेत. त्यांच्या आठवणी ध्वनिमुद्रित करा, जुने कागद, डबे, साचे, जाहिराती, हजेरीपुस्तकं जमा करा. आणि वाचकांपैकी कुणाच्या माळ्यावरच्या ट्रंकेत रावळगावचा पत्र्याचा डबा पडून असेल, तर तो भंगारात देऊ नका. जवळच्या एखाद्या संग्रहाला द्या, सोबत तो कुठून आला हे चिठ्ठीवर लिहून.