पाणी कुठे मुरतंय

लंडनच्या सायन्स म्युझियममध्ये, गणिताच्या दालनात, तुम्ही उभे आहात. मुलगी आणि जावई कॉफीच्या रांगेत आहेत. तुम्हाला मात्र एका सात फुटी सांगाड्याने धरून ठेवलंय. पारदर्शक टाक्या, नळ्या, कप्प्या, दोऱ्या, झडपा. सोसायटीच्या गच्चीवरचं प्लंबिंग कुणीतरी धुऊनपुसून उभं करून ठेवावं तसं ते दिसतं. हे गणकयंत्र आहे आणि एका अख्ख्या देशाची अर्थव्यवस्था ते पाण्यावर चालवून दाखवायचं, यावर विश्वास बसत नाही. त्यात आता पाण्याचा टिपूसही नाही, हेही त्याचं एक कारण असेल.

पाणी बघायचं तर मागे जावं लागेल. नियम एकच : तिथे बघता येतं, ऐकता येतं, वास घेता येतो, पण बोलता येत नाही. (मराठी माणसाला अर्थकारणावर गप्पा चालल्या असताना गप्प बसवणं ही शिक्षाच, पण इलाज नाही.)

तुम्ही डोळे मिटता, आणि पहिल्यांदा जाणवतो तो आवाज. कानस घासल्याचा. खर्र, खर्र.

१९४९ सालचा उन्हाळा. लंडनच्या दक्षिणेला क्रॉयडनमधलं घरमालकिणीचं गॅरेज. गाडीच्या जागी लाकडी चौकट उभी आहे आणि जमिनीवर पांढऱ्या भुशाचा थर. हा भुसा लाकडाचा नाही, पर्स्पेक्सचा आहे; विमानांच्या खिडक्यांना वापरतात त्या पारदर्शक प्लास्टिकचा. कोपऱ्यात लढाईतून उरलेल्या लँकेस्टर बॉम्बर विमानांचे सुटे भाग पडलेत. लीड्स विद्यापीठातला वॉल्टर न्यूलिन तुकडे घासून चिकटवतोय आणि पुढचा तुकडा मागायला हात पुढे करतोय तो बिल फिलिप्स. ओठांत सिगारेट. ती विझली की दुसरी.

हा माणूस अर्थतज्ज्ञ नाही, निदान अजून तरी नाही. न्यूझीलंडमधल्या गायी पाळणाऱ्या शेतकऱ्याचा मुलगा. बापाने ओढ्यावर चाक बसवून घरापुरती वीज केली होती. पाण्याकडून काम करून घेण्याची विद्या घरातलीच. पुढे ऑस्ट्रेलियात मगरींची शिकार, खाणीत विजेची कामं, मग विजेचा इंजिनिअर, मग लढाई आणि जावा बेटावर जपान्यांच्या छावणीत साडेतीन वर्षांची कैद. तिथे त्याने चोरून रेडिओ बनवला. चहाचं पाणी उकळायला छोटे हीटर इतके करून वाटले, की रात्री सगळे एकदम लागले की छावणीचे दिवे मंदावायचे आणि पहारेकरी चक्रावायचे, असं त्याचे सोबती सांगत. सुटल्यावर तो लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये समाजशास्त्र शिकायला आला आणि जेमतेम पास झाला.

अर्थशास्त्राच्या तासाला मात्र त्याचे कान टवकारले. प्राध्यापक म्हणत होते ‘पैसा वाहतो’, ‘बचत साठते’. केनेथ बोल्डिंगच्या पाठ्यपुस्तकात तर टाकी आणि नळांची आकृतीच होती. बाकीच्या विद्यार्थ्यांना ती उपमा वाटली. इंजिनिअरला ते काम वाटलं.

आता त्याच्या हाताकडे बघा. तळहाताएवढा चौकोनी पत्रा, पारदर्शक, आणि त्यात एक वाकडी फट तो कानशीने रुंद करतोय. खाली अरुंद, वर जरा फाकलेली. दर चार-पाच घासांनी तो पत्रा उजेडात धरतो, कडेवरून अंगठा फिरवतो, पुन्हा घासतो. या फटीतून पाणी किती जाणार ते तिच्या आकारावर ठरणार. आणि तिचा आकार म्हणजे काय? उत्पन्न वाढलं की माणसं किती जास्त खर्च करतात, त्याचं उत्तर. पुस्तकात ते समीकरण असतं, आलेखावरची एक रेघ असते. इथे ते एक भोक आहे. व्याज उतरलं की कारखानदार किती जास्त गुंतवणूक करतील, त्याची वेगळी फट. पत्रा काढा, दुसरा बसवा, देशाचा स्वभाव बदलला.

मला विचाराल तर या यंत्रात सगळ्यात प्रामाणिक गोष्ट हीच. हल्लीच्या मॉडेलांत हे आकडे कुठल्या तरी फाईलच्या पोटात असतात आणि ते कुणी, कशावरून घातले हे विचारायला गेलं की चार जणांकडे बोट जातं. इथे कानस हातात असलेला माणूस समोर बसलाय आणि भुसा त्याच्याच पँटवर आहे.

गणिताच्या भाषेत सगळं एका वाक्यात मावतं : टाकीतली वाढ म्हणजे आत येणारं वजा बाहेर जाणारं. अवघड आहे ते पुढे. अशा अनेक टाक्या एकमेकींना बांधलेल्या. हिची पातळी वाढली की तिची झडप उघडते, आणि तिची धार फिरून हिच्यातच येते. म्हणजे एकमेकांत अडकलेली विकलक समीकरणं एकाच वेळी सोडवायची. केंब्रिजचा एडसॅक संगणक याच वर्षीच्या मे महिन्यात पहिल्यांदा चाललाय आणि तो काही क्रॉयडनच्या भाडेकरूच्या वाट्याला येणार नाही. पाणी मात्र ही समीकरणं सोडवतच असतं, कुणाला न विचारता.

गॅरेजचं दार बंद होतं. उघडतं तेव्हा थंडी आहे.

२९ नोव्हेंबर १९४९. ऑल्डविचजवळची हॉटन स्ट्रीट, लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सचा पत्ता. कोळशाच्या धुराने नाक चुरचुरतं. चहा अजून रेशनवर, पेट्रोल रेशनवर. सप्टेंबरमध्ये पौंडाची किंमत ४.०३ डॉलरवरून २.८० वर उतरवली गेली आणि त्याच्या शेपटाला बांधलेला आपला रुपयाही तेवढाच घसरला. अर्थमंत्री सर स्टॅफर्ड क्रिप्स. हो, १९४२ साली दिल्लीला आले होते तेच. आणि इथून हजारो मैलांवर, तीनच दिवसांपूर्वी, संविधान सभेने भारताची राज्यघटना स्वीकारली. तिच्या मसुदा समितीचे अध्यक्ष याच शाळेचे विद्यार्थी. डॉ. आंबेडकरांनी इथे एडविन कॅनन यांच्या हाताखाली रुपयाचा प्रश्न सोडवायला घेतला होता. तो प्रबंध १९२३ साली पुस्तक होऊन बाहेर पडला. आज ज्यांच्या चर्चासत्राला तुम्ही चोरून चाललात ते लायनेल रॉबिन्सही कॅनन यांचेच विद्यार्थी. तेव्हा फार परकं वाटून घेऊ नका.

खोली भरलीय. मधोमध ते यंत्र. काही जण उघड हसायला आलेत : समाजशास्त्रात काठावर पास झालेला पोरगा नळकाम घेऊन आलाय म्हणे. त्याला ही संधी मिळाली ती जेम्स मीड या प्राध्यापकांनी शब्द टाकला म्हणून. फिलिप्स येरझाऱ्या घालत, न्यूझीलंडच्या लांबवलेल्या उच्चारांत समजावतोय. मग तो पंप सुरू करतो.

घरघर. लालसर पाणी तळाच्या टाकीतून नळीने वर चढतं. हे राष्ट्रीय उत्पन्न. माथ्यावरून ते खाली पडायला लागतं आणि वाटेत त्याला फाटे फुटतात. गावाकडे पाटाचं पाणी चारीला वळवताना बघितलं असेल तर वेगळं सांगायला नको. मधली जाड धार म्हणजे लोकांचा खर्च, ती सरळ खाली. बाजूला वळते ती बचत, एका टाकीत साठते. त्या टाकीतून दुसरी धार निघते, गुंतवणूक, आणि ती खाली खर्चाला येऊन मिळते. सगळं पुन्हा तळाशी, पुन्हा पंप, पुन्हा वर.

फिलिप्स गुंतवणुकीची झडप थोडी जास्त उघडतो.

समजा, १०० पौंडांची जादा धार आली. ती कुणाची तरी कमाई झाली. शंभरातले ८० त्याने खर्चले, २० बचतीच्या टाकीत मुरले. ते ८० आणखी कुणाची कमाई. त्यातले ६४ पुढे. मग ५१ पौंड आणि थोडं. फेरीगणिक पाचवा हिस्सा मुरतो आणि धार बारीक होत जाते, पण सगळ्या फेऱ्यांची बेरीज ५०० वर पोहोचते. फळ्यावर ही बेरीज दोन ओळींत येते, आणि म्हणून ती क्षणात होते असं वाटतं. इथे ती डोळ्यांदेखत होतेय आणि तिला वेळ लागतोय. पातळी आधी झपकन चढते, मग रेंगाळते, मग केसाकेसाने. फळ्यावरच्या बेरजेत घड्याळ नव्हतं, या यंत्रात आहे.

बचतीच्या टाकीत एक फ्लोट तरंगतोय. फ्लशच्या टाकीत असतो तसाच. त्याला दोरी, दोरी कप्पीवरून गुंतवणुकीच्या झडपेला. टाकी भरली, फ्लोट चढला, म्हणजे व्याजदर उतरला; झडप उघडली. या एका फ्लोटवरून मोठमोठी माणसं भांडली होती. केन्स म्हणत, व्याज ठरतं ते लोकांनी हाताशी ठेवलेल्या पैशाच्या साठ्यावर. डेनिस रॉबर्टसन म्हणत, ते ठरतं बचत आणि गुंतवणुकीच्या प्रवाहांवर. केन्स १९४६ साली गेले आणि वाद मागे राहिला. आता टाकीकडे बघा. या क्षणी पातळी किती, हे साठाच सांगणार. पुढच्या क्षणी ती किती असेल, हे आतबाहेर वाहणाऱ्या धारा सांगणार. दोघेही एकाच टाकीबद्दल बोलत होते.

हसायला आलेले पुढे सरकून बघतायत. तुमच्या शेजारचा पाइप पेटवायला विसरलाय.

बोलायची परवानगी असती तर इथे तुम्ही हात वर केला असता. पाण्याला उद्याची काळजी नसते. साखर महागणार अशी आवई उठली की आपण दुपारीच दुकान गाठतो आणि संध्याकाळपर्यंत साखर खरंच महागते. पाऊस वेधशाळेचा अंदाज ऐकून बेत बदलत नाही, बाजार बदलतो. भौतिकशास्त्रातून अर्थशास्त्रात आणलेल्या प्रत्येक मॉडेलला हे एक वळण आडवं येतं, आणि खुद्द फिलिप्सला ते वेगळ्याच वाटेने भोवलं. १९५८ साली त्याने १८६१ ते १९५७ पर्यंतचे ब्रिटनमधले बेकारीचे आणि पगारवाढीचे आकडे एका आलेखावर मांडले. बेकारी कमी तिथे पगारवाढ जास्त, अशी उतरती वक्ररेषा निघाली. लोकांनी तिचं दुकानातलं दरपत्रक केलं : एवढी महागाई सोसा, तेवढी बेकारी घटवून घ्या. १९७०च्या दशकात दोन्ही एकदम वाढल्या. लोक महागाई धरूनच पगार मागायला लागले होते. त्या फटीचा आकार आतून बदलला होता.

पण ते पुढचं. या खोलीत आज सगळं खुशीत आहे. पुढच्याच वर्षी हा काठावरचा विद्यार्थी इथे शिकवायला लागेल. त्याची डझनभर यंत्रं केंब्रिज, हार्वर्ड, मेलबर्न, इस्तंबूल असा प्रवास करतील. एक तर ग्वाटेमालाच्या मध्यवर्ती बँकेत जाऊन बसेल.

आणखी थोडी वर्षं पुढे चला, इमारत तीच. मीड यांचा तास. आताचं यंत्र जास्त भरलंय : करांचा फाटा, सरकारी खर्चाची धार, आयात-निर्यातीच्या नळ्या. वर फिरत्या कागदावर पेन राष्ट्रीय उत्पन्नाची रेघ ओढतंय. अशी दोन यंत्रं नळीने जोडून एकाला ब्रिटन आणि दुसऱ्याला अमेरिका करायचीही सोय आहे. आज मात्र एकच चाललंय. एका विद्यार्थ्याला मीड यांनी अर्थमंत्री केलंय. कर आणि सरकारी खर्च त्याच्या हातात. दुसरा मध्यवर्ती बँकेचा गव्हर्नर. उत्पन्न ठरलेल्या रेषेवर ठेवायचं, एवढंच दोघांचं काम. अट अशी, की एकमेकांशी बोलायचं नाही.

रेघ खाली झुकते. मंत्री खर्चाचा नळ सोडतो. काही होत नाही. पाणी अजून वाटेत आहे. गव्हर्नरही तीच झुकलेली रेघ बघतोय, तोही झडप उघडतो. तरी काही नाही. मंत्री आणखी सोडतो. नव्या लॉजमध्ये सकाळी गीझरखाली उभं राहिल्यासारखं : गार, अजून गार, म्हणून नळ पूर्ण फिरवावा आणि तेवढ्यात पाठ भाजावी. रेघ ठरलेली खूण ओलांडून वर सुटते. दोघेही दचकून आपापले नळ आवळतात. रेघ कोसळते. झोक्यागणिक खाच खोल होत जाते आणि मागच्या बाकांवर हशा पिकतो.

फिलिप्सने याचं गणितही मांडलं, १९५४ साली. सरकारचा उपाय बरोबर असला तरी उशिरा लागला, तर झोके थांबण्याऐवजी वाढू शकतात. म्हणून चूक किती झाली, किती काळ साचली आणि कुठल्या वेगाने बदलतेय, हे तिन्ही बघून नळ फिरवावा. कारखान्यातलं तापमान आवरणाऱ्या इंजिनिअरला हे रोजचंच होतं. अर्थखात्यांना नवं होतं.

तास संपतो. मंत्री आणि गव्हर्नर आता बोलतात, म्हणजे चूक कुणाची यावर वाद घालत जिना उतरतात. कुणीतरी पंप बंद करतं. घरघर थांबते. माथ्यावरची धार तुटते, मग खर्चाची, मग करांची; बचतीची टाकी शेवटपर्यंत ठिबकत राहते. सगळं लाल पाणी तळाच्या टाकीत एक होतं. कागदाचा रोल बंद करायचा मात्र कुणाच्या लक्षात आलेलं नाही. तो फिरतोय, आणि पेन ब्रिटनचं राष्ट्रीय उत्पन्न शून्यावर आणून तिथून सरळ रेघ ओढत चाललंय. झाडूवाली बाई फरशीवरचा लाल डाग पुसते आणि बादली उचलून निघून जाते.