कागददोष, छपाईतील

छपाईच्या वेळी कागदाच्या कडांना लाटा येणे, कडा आखडणे, सुरकुती पडणे, दोन ताव एकदम ओढले जाणे, रंग एकमेकांवर नेमके न बसणे, पृष्ठभागाचे कण उखडणे, ओली शाई वरच्या तावाच्या पाठीला लागणे या अडचणींना मिळून कागददोष म्हणतात. त्यांतल्या बहुतेकांचे मूळ दोनच गोष्टींत असते : कागदातला ओलावा आणि त्याच्या तंतूंची दिशा, म्हणजे ग्रेन. छापखान्यात मात्र पहिला संशय यंत्रावर जातो, दुसरा शाईवर, आणि कागदाकडे पाहिले जाते ते रीम वाया गेल्यावर. हा क्रम उलटा हवा. कागदाची तपासणी वेष्टन फोडण्याआधी सुरू झाली, तर निम्मे दोष यंत्रापर्यंत पोचतच नाहीत.

मराठवाड्यात हा प्रश्न ऋतूशी बांधलेला आहे. बीड शहराच्या दक्षिणेला, मांजरसुंब्याजवळ बालाघाटच्या डोंगरात कपिलधार हे मन्मथस्वामींचे समाधिस्थान आहे. कार्तिक पौर्णिमेला तेथे वीरशैव भाविकांची मोठी यात्रा भरते, ठिकठिकाणच्या दिंड्या येतात. अशा यात्रेची पत्रके, पावतीपुस्तके, आरत्यांच्या पुस्तिका, स्वामींच्या ‘परमरहस्य’ ग्रंथाच्या प्रती असे काही छापायचे, तर ते भाद्रपद-आश्विनात हाती घ्यावे लागते. नेमके तेव्हाच हवामान पालटते. पावसाळाभर गोदामात राहिलेल्या कागदाने दमटपणा शोषलेला असतो आणि बाहेरची हवा दिवसागणिक कोरडी होत जाते. गठ्ठा उघडा ठेवला की त्याच्या कडा आधी वाळतात, आखडतात आणि ताव मध्यभागी फुगतो. असा ताव सिलिंडरखाली दाबला गेला की फुगवट्याला जायला जागा उरत नाही, आणि शेपटाकडे सुरकुती पडते. जून-जुलैत उलटे घडते. कोरडा कागद दमट हवेत उघडला की कडा ओलावा पिऊन लांबतात आणि त्यांना लाटा येतात.

म्हणून उपायही वेळ साधून करावा लागतो. कागद वेष्टनासकट छपाईच्या खोलीत आणून ठेवावा आणि आतपर्यंत खोलीचे तापमान आल्यावरच फोडावा. लहान गठ्ठ्याला एक दिवस पुरतो, मोठ्या थप्पीला दोन-तीन दिवसही लागतात. हिवाळ्यात पहाटे ट्रकमधून उतरलेला गार कागद लगेच उघडला, तर भोवतालची हवा थंड होऊन कडांशी आर्द्रता वाढते आणि कोरड्या दिवसातही लाटा येतात. खोलीत ५० ते ५५ टक्के सापेक्ष आर्द्रता आणि २० ते २५ अंश सेल्सिअस तापमान ऑफसेटला मानवते. बीडच्या उन्हाळी दुपारी ते राखणे अवघड असते. तरी भिंतीवर एक आर्द्रतामापक लावून रोज त्याची नोंद ठेवणे कोणत्याही छापखान्याला परवडते. या भागात सर्रास दिसणारा पाण्याचा कूलर कोरडेपणावर खरोखर उपयोगी आहे. त्याने स्थिर विद्युतही कमी होते, आणि मे महिन्यात ताव एकमेकांना चिकटून फीडरवर जोडीने निघण्याचे कारण बहुधा तीच असते. मात्र कूलरचा झोत थेट थप्पीवर येता कामा नये. आला, तर त्या बाजूच्या कडेला लाटा येतात.

ग्रेनचा प्रश्न यंत्रावर बनलेल्या कागदाचा आहे. खुलदाबादजवळच्या कागजीपुऱ्यात हाताने बनणाऱ्या, दौलताबादी म्हणून नावाजलेल्या कागदात तंतू सर्व दिशांना विखुरलेले असतात. ओलावा लागला तरी तो चोहीकडे जवळजवळ सारखा फुगतो. गिरणीत जाळी वेगाने पुढे सरकत असल्याने तंतू तिच्या दिशेने लोळतात. असा कागद तंतूंच्या आडव्या दिशेला उभ्या दिशेच्या दुपटीहून अधिक फुगतो. ग्रेन ओळखण्यासाठी ताव फाडून पाहावा. ग्रेनच्या दिशेने तो सरळ फाटतो, आडवा फाडला की वेडावाकडा जातो. एका बाजूने पाण्याचे बोट फिरवले तर तुकडा वळतो, आणि त्या वळकटीचा अक्ष म्हणजे ग्रेनची दिशा.

पुस्तकात ग्रेन पाठीला समांतर हवा, नाही तर पाने ताठ उभी राहतात आणि पाठीजवळ लाटा येतात. २० × ३० इंची डबल क्राउन तावातून ५ × ७.५ इंची पुस्तक काढले तर पुस्तकाची उंची ३० इंचांच्या बाजूवर पडते, म्हणजे लांब ग्रेनचा कागद हवा. यंत्रालाही तोच आवडतो. लांब ग्रेनचा ताव सिलिंडरच्या परिघाच्या दिशेने वाढतो आणि ती वाढ प्लेटखालचे पॅकिंग कमी करून तितकेच ब्लँकेटखाली घातल्याने भरून काढता येते. मात्र त्याच तावातून ७.५ × १० इंची मोठे पुस्तक काढायचे असेल, तर उंची २० इंचांवर येते. बांधणीला आखूड ग्रेन हवा आणि यंत्राला लांब. अशा वेळी एकरंगी मजकूर असल्यास बांधणीचे ऐकावे. चार रंगांच्या कामात मात्र कागद मागवण्यापूर्वीच आकार बदलण्याचा विचार करावा. सुट्या पानांच्या आडव्या पोथीला पाठच नसते; तिथे ग्रेन पानाच्या लांबीत ठेवला की पान हातात झुकत नाही.

कण उखडण्याच्या दोषात भिंग हाताशी हवे. छापील भागात पांढरा ठिपका दिसला, तर त्याच जागी पुढच्या तावांवर तो येतो का हे पाहावे. येत असेल तर ब्लँकेटवर किंवा प्लेटवर कण चिकटला आहे. मग ज्या तावावर तो पहिल्यांदा दिसला तो शोधून भिंगाखाली धरावा. ठिपक्याच्या जागी पृष्ठभाग सोलल्यासारखा खडबडीत असेल, तर शाई कागदाला झेपत नाही. शाईचा चिकटपणा रिड्युसरने कमी करणे, वेग उतरवणे, ब्लँकेट धुणे हे उपाय करावेत. पृष्ठभाग गुळगुळीत असेल तर तो धूळकण बाहेरून आलेला. कडांशीच धूळ जास्त असेल, तर कटिंग मशिनचे पाते बोथट झालेले असते. कागदवाल्याला दोष देण्याआधी ते पाते पाहावे.

आर्ट पेपरवर शाई पाठीला लागते ती बहुधा पावसाळ्यात, कारण दमट हवेत आणि प्लेट ओली ठेवणाऱ्या पाण्याची आम्लता वाढलेली असताना शाई हळू वाळते. ढीग कमी उंचीचे ठेवावेत, पावडर बेताने मारावी आणि पाठपोट छपाईची घाई करू नये. न्यूजप्रिंटचे रीळ तुटण्याचे कारण पुष्कळदा वाहतुकीत टोकाला बसलेला मार असते.

कागद खरोखर सदोष निघाला तर तक्रार टिकवण्यासाठी रिमाचे वेष्टन, त्यावरचा लॉट क्रमांक, त्याच रिमातले काही कोरे ताव आणि बिघडलेले छापील ताव जपून ठेवावेत. कोरे ताव प्लॅस्टिकमध्ये घट्ट बांधावेत, नाही तर दोन दिवसांत त्यांचा ओलावा खोलीइतका होतो आणि पुरावा राहत नाही. काम सुरू असतानाच हे करावे लागते. संपल्यावर वेष्टने रद्दीत गेलेली असतात.