एका बिटचं उत्तर

मंडळी, बारामती-इंदापूरकडच्या दशक्रियेला गेला असाल तर चित्र ओळखीचं असेल. नदीकाठी विधी, महाराजांचं प्रवचन, पुढाऱ्यांची श्रद्धांजलीची भाषणं, आणि सगळ्यांचे डोळे पिंडाकडे. कावळा शिवला तर गेलेला माणूस समाधानी, नाही शिवला तर काहीतरी इच्छा राहिली. आमच्या भाषेत एका बिटचं उत्तर. हो किंवा नाही, बस्स.

प्रोजेक्टसाठी इंग्लंडला असताना एका रविवारी पहिल्यांदाच स्पिरिच्युअलिस्ट चर्चमध्ये गेलो, तेव्हा हेच आठवलं. मला वाटलं होतं अंधार, मेणबत्त्या, एकदम रामसे बंधू! निघाला साधा हॉल. भजन, प्रार्थना, छोटं प्रवचन. मग मृतांचे निरोप सांगणाऱ्या बाई उभ्या राहिल्या. एका म्हाताऱ्या गृहस्थांना म्हणाल्या, "तुमची बायको म्हणतेय, मी सुखात आहे." ते रडायला लागले. मला हसू येईल असं वाटलं होतं, आलं नाही.

हा पंथ तसा अलीकडचा. १८४४ मध्ये मोर्सने वॉशिंग्टनहून बाल्टिमोरला तार पाठवली आणि १८४८ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या हाइड्सविल गावात मॅगी आणि केट या फॉक्स बहिणींच्या घरी 'आत्मा' टकटक करून उत्तरं देऊ लागला. दूरचा माणूस टकटक करून बोलतो, तर मेलेला का नाही? पंथाच्या एका साप्ताहिकाचं नावच 'स्पिरिच्युअल टेलिग्राफ' होतं! १८५३ मध्ये इंग्लंडात कीथलीला त्यांचं चर्च निघालं. १८८८ मध्ये मॅगीने भर सभेत सांगितलं की ती टकटक पायाच्या बोटांची होती. पुढच्या वर्षी शब्द फिरवला. पंथ मात्र टिकला. पहिल्या महायुद्धात घरोघरची मुलं गेली, तेव्हा तर अशा सभांना गर्दी लोटली.

आपल्याकडेही याचा एक धागा येतो. १८७४ मध्ये व्हरमाँटमधल्या अशाच बैठका बघायला गेलेले मादाम ब्लाव्हाट्स्की आणि कर्नल ऑलकट तिथे भेटले, पुढे थिऑसॉफिकल सोसायटी काढली आणि १६ फेब्रुवारी १८७९ ला मुंबईत उतरले. गिरगावात राहिले, १८८२ च्या शेवटी मद्रासजवळ अड्यारला गेले. थिऑसॉफी इथे रुजली, पण निरोपवाली चर्चं काही उभी राहिली नाहीत. मला वाटतं, आपल्याकडे सोय आधीपासूनच होती.

फरक आहे तो पुढे. तिथे मेलेला जिवंताला धीर देतो. इथे जिवंताने मेलेल्याला शब्द द्यायचा असतो. आजोबांच्या दशक्रियेला, नीरा नरसिंहपूरच्या संगमावर, कावळा तासभर येईना. शेवटी चुलते हात जोडून म्हणाले, "आण्णा, आक्काला अंतर देणार नाही." आक्का म्हणजे माझी विधवा आत्या. थोड्या वेळाने कावळा आला.

कावळ्याला भूक लागली असेल, हे मलाही कळतं. पण गावादेखत शब्द दिला गेला, आणि आत्या आजही त्याच घरात राहते, सातबाऱ्यावर तिचं नाव आहे.

असो. तुमच्या घरी कावळा येईना तेव्हा काय कबूल केलं होतं, आठवतंय? आणि ते पाळलं का?