जेट इंजिनाचे सदोष भाग बाद करण्याचे नियम

जेट इंजिनाचे सदोष भाग बाद करण्याचे नियम : जेट इंजिनाच्या ज्या भागात दोष आढळला आहे, दोष असण्याचा संभव आहे किंवा ज्याचे ठरवून दिलेले आयुष्य संपले आहे, असा भाग उतरवणे, तो पुन्हा कोठेही बसवला जाणार नाही अशी तजवीज करणे व या सर्वांची नोंद ठेवणे, यांविषयीचे नियम. नागरी विमान वाहतुकीत ते तीन मार्गांनी लागू होतात : (१) भागाला मान्यता देतानाच ठरलेली आयुर्मर्यादा, (२) वापरात असताना दोष उघडकीस आल्यावर निघणारा विमानयोग्यता निर्देश (हँगरच्या बोलीत ‘एडी’) आणि (३) देखभालीच्या वेळी तपासणीत भाग नापास होणे. सदोष आणि निर्दोष भाग बहुधा डोळ्यांना सारखेच दिसतात. त्यामुळे भाग बाद होतो तो मुख्यतः भाग-क्रमांक, अनुक्रमांक व त्यांच्या नोंदी यांच्या आधारे.

आयुर्मर्यादित भाग : पंख्याचे पाते तुटले तर इंजिनाच्या आवरणाने ते आतच अडवले पाहिजे, अशी अट मान्यतेच्या वेळी असते व ती प्रत्यक्ष पाते तोडून सिद्ध करावी लागते. ज्या तबकडीवर (डिस्क) पाती बसवलेली असतात तिच्या बाबतीत अशी अट व्यवहार्य नाही; मिनिटाला हजारो फेरे घेणारी तबकडी फुटल्यास तिचे तुकडे रोखू शकेल असे आवरण विमानाला पेलणार नाही. म्हणून तबकडीला धोकादायक तडा जाण्याच्या पुष्कळ आधीच ती उतरवायची, हे तत्त्व स्वीकारलेले आहे. तबकड्या, हब, आस (शाफ्ट), अंतरक कडी (स्पेसर) आणि उच्च दाबाची काही आवरणे या वर्गात मोडतात.

आयुष्य तासांत नव्हे तर चक्रांत मोजतात. इंजिन सुरू होऊन पूर्ण जोर गाठते, तापते आणि पुन्हा बंद होऊन निवते, तेव्हा एक चक्र पुरे होते. धातूला शिणवटा (फटीग) येतो तो मुख्यतः या चढउतारांमुळे. त्यामुळे मुंबई–पुण्यासारखे छोटे उड्डाण आणि मुंबई–लंडनसारखे लांबचे उड्डाण तबकडीच्या हिशेबात सारखेच एक. बोइंग ७३७ वरील सीएफएम५६-७बी इंजिनात ठोकळमानाने पुढच्या पंख्याच्या तबकडीस ३०,०००, गाभ्यातील उच्च दाबाच्या भागांस २०,००० आणि कमी दाबाच्या टर्बाइनला २५,००० चक्रे धरतात. प्रत्यक्ष मर्यादा भाग-क्रमांकानुसार ठरते. मर्यादा गाठल्यावर भाग कितीही सुस्थितीत दिसला तरी उतरवावा लागतो.

अमेरिकेच्या संघीय विमान प्रशासनाने (एफएए) २००७ मध्ये अमलात आणलेल्या नियम ३३.७० नुसार अशा प्रत्येक भागासाठी उत्पादकाला तीन योजना द्याव्या लागतात : अभियांत्रिकी, उत्पादन आणि सेवाकालीन व्यवस्थापन.

धातूतील दोष : आयुर्मर्यादेचे गणित धातू निर्दोष आहे असे धरून मांडलेले असे. ते गृहीतक १९ जुलै १९८९ रोजी अमेरिकेतील आयोवा राज्यात सू सिटी येथे कोसळले. युनायटेड एअरलाइन्सच्या उड्डाण २३२ चे डीसी-१० विमान आकाशात असताना त्याच्या शेपटातील सीएफ६-६ इंजिनाच्या पंख्याची तबकडी फुटली. तुकड्यांनी विमानाच्या तिन्ही द्रवचालित (हायड्रॉलिक) यंत्रणा निकामी केल्या. विमानातील २९६ जणांपैकी १८४ वाचले. सुमारे १६८ किग्रॅ. वजनाच्या या तबकडीचे मोठे तुकडे सुमारे तीन महिन्यांनी, मक्याची कापणी चालू असताना, शेतात सापडले.

तबकडी टायटॅनियमच्या मिश्रधातूची होती (६% ॲल्युमिनियम व ४% व्हॅनेडियम). टायटॅनियम वितळताना त्यात नायट्रोजन मिसळला तर काचेसारखा ठिसूळ, कठीण कण तयार होतो. धातुवैज्ञानिक त्याला ‘हार्ड अल्फा’ म्हणतात. कणाचा वितळणबिंदू भोवतालच्या धातूपेक्षा जास्त असल्याने तो सहज विरघळत नाही. या तबकडीच्या मध्यछिद्राच्या पृष्ठभागाजवळ असा कण राहून गेला होता. घडाई-कातकामात तो निखळून तेथे बारीक खळगी पडली आणि तीतून तडा वाढत गेला. तबकडीची मर्यादा १८,००० चक्रांची होती. ती १५,५०३ चक्रांनंतर फुटली. आधीच्या तपासणीनंतर तिने ७६० चक्रे पुरी केली होती आणि त्या तपासणीच्या वेळी तडा सुमारे अर्धा इंच लांब झालेला असावा, असे राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने (एनटीएसबी) म्हटले आहे. तो नजरेतून सुटला.

तबकडीचा धातू १९७१ मध्ये निर्वातात दोनदा वितळवून तयार केलेला होता. तिसऱ्यांदा वितळवण्याची पद्धत या इंजिनाच्या उत्पादकाने त्यानंतर लवकरच स्वीकारली. पुढे शीत-तळ भट्टी आली. तीत जड अशुद्धी तळाशी बसते आणि हलकी विरघळायला वेळ मिळतो. चौकशीत आणखी एक गोष्ट पुढे आली. उत्पादकाच्या नोंदींत एकाच अनुक्रमांकाच्या दोन घडीव तबकड्या दिसत होत्या आणि त्यांपैकी एक श्राव्यातीत (अल्ट्रासॉनिक) तपासणीत बाद ठरल्याचा उल्लेख होता. एकाच वेळच्या रसातून (हीट) ओतलेल्या इतर तबकड्या शोधून उतरवणे हा अशा वेळी पहिला उपाय असतो. येथे मुळात कोणती तबकडी कोणत्या रसातली, याचेच कागद नीट जुळत नव्हते. टायटॅनियमच्या फिरत्या भागांचा आढावा घेणाऱ्या एफएएच्या गटाचा अहवाल १९९० मध्ये आला. २००१ पासून दोष असणारच असे धरून आयुष्य काढण्याची, म्हणजे दोषसहिष्णुतेची, पद्धत मार्गदर्शक सूचनांत आली.

दोष केवळ वितळवताना येतो असे नाही. पेन्साकोला येथे ६ जुलै १९९६ रोजी डेल्टा एअरलाइन्सच्या एमडी-८८ विमानाचा पंख्याचा हब फुटून दोन प्रवासी मरण पावले. छिद्र पाडताना धातू अतोनात तापून त्याची संरचना बदलल्याचे तेथे आढळले. शिकागो येथे २८ ऑक्टोबर २०१६ रोजी अमेरिकन एअरलाइन्सच्या बोइंग ७६७ विमानाने उड्डाणासाठी धाव घेतलेली असताना टर्बाइनची निकेल मिश्रधातूची तबकडी फुटली. तिचा एक तुकडा पंखातून आरपार जाऊन सुमारे ८९५ मी. अंतरावरच्या गोदामात पडला. विमानातले १७० जण बाहेर पडू शकले. तबकडीची १०,९८४ चक्रे झाली होती, मर्यादा १५,००० होती. ज्या अंतर्गत दोषामुळे ती फुटली त्याला ‘डर्टी व्हाइट स्पॉट’ म्हणतात. नायोबियमचे प्रमाण कमी असलेला, ऑक्साइडाचे कण अडकलेला तो ठिपका त्या काळच्या तपासणी-पद्धतींना दिसण्यासारखा नव्हता.

तपासणी : पृष्ठभागावरच्या तड्यांसाठी तड्यात झिरपून जंबुपार प्रकाशात चमकणारा द्रव वापरतात. छिद्रे व खाचा यांसाठी आवर्त विद्युत् प्रवाह (एडी करंट) आणि धातूच्या पोटातल्या दोषांसाठी श्राव्यातीत तरंग वापरले जातात.

विमानयोग्यता निर्देश : एखाद्या इंजिनात असुरक्षित स्थिती आहे आणि त्याच नमुन्याच्या इतर इंजिनांतही ती असण्याचा किंवा उद्भवण्याचा संभव आहे, असे ठरल्यावर निर्देश काढतात. उत्पादकाचे सेवापत्र (सर्व्हिस बुलेटिन) ही शिफारस असते. निर्देशात त्याचा समावेश झाला की ते बंधनकारक होते. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या आठव्या परिशिष्टानुसार, ज्या देशात आरेखन झाले त्याने अशी माहिती त्या नमुन्याची विमाने नोंदलेल्या देशांना कळवायची असते. अमेरिकी निर्देशाच्या क्रमांकात वर्ष, वर्षातला पंधरवडा आणि त्यातला क्रम असे तीन भाग असतात. उदा., २०२३-१६-०७.

निर्देशात बाधित भागांची क्रमांकवार यादी, अंमलाची तारीख, मुदत व पुन्हा बसवण्यास मनाई ही कलमे असतात. मुदत बहुधा दुहेरी असते : भाग नवा असल्यापासून अमुक चक्रे होण्यापूर्वी, किंवा निर्देश लागू झाल्यापासून तमुक चक्रांत. यांपैकी ‘जे आधी घडेल ते’ की ‘जे नंतर घडेल ते’, या एका शब्दाच्या फरकाने शेकडो इंजिनांचे वेळापत्रक बदलते. निकडीच्या प्रसंगी हरकती न मागवता तातडीचा निर्देश काढतात.

पंख्याची पाती आयुर्मर्यादित भागांत मोडावीत काय, याविषयी एकमत नाही. साउथवेस्ट एअरलाइन्सच्या विमानातील सीएफएम५६-७बी इंजिनाचे पाते ऑगस्ट २०१६ मध्ये तुटले. त्यावर निर्देशाचा मसुदा २०१७ मध्ये निघाला, पण तो अंतिम होण्यापूर्वीच १७ एप्रिल २०१८ रोजी त्याच कंपनीच्या दुसऱ्या विमानाचे पाते तुटून एक प्रवासी मरण पावली. तीन दिवसांनी निघालेल्या तातडीच्या निर्देशाने ३०,००० चक्रे झालेल्या इंजिनांच्या पात्यांची तपासणी २० दिवसांत करण्यास सांगितले.

धातुचूर्ण प्रकरण : अतिशय तापणाऱ्या तबकड्यांसाठी लागणारे निकेलचे मिश्रधातू ओतले तर थिजताना त्यांतील घटक वेगळे पडतात. म्हणून वितळलेल्या धातूचे वायूच्या झोताने बारीक थेंब करून चूर्ण बनवतात, ते चाळतात, उष्णता व दाब देऊन एकजीव करतात आणि मग घडवतात. चूर्णात परका कण शिरला तर तो तबकडीच्या पोटात कायमचा राहतो. एअरबस ए३२०निओ विमानांवरील प्रॅट अँड व्हिटनीच्या पीडब्ल्यू११००जी इंजिनांबाबत हे घडले. २४ डिसेंबर २०२२ रोजी अशा एका इंजिनाच्या उच्च दाबाच्या कॉम्प्रेसरची सातव्या टप्प्याची, पात्यांसकट एकसंध घडवलेली चकती निकामी होऊन उड्डाण सोडून द्यावे लागले. जुलै २०२३ मध्ये मूळ कंपनी आरटीएक्सने जाहीर केले की, २०१५ ची अखेरची तिमाही ते २०२१ ची तिसरी तिमाही या काळातल्या चूर्णात सूक्ष्म अशुद्धी असू शकते. ऑगस्टमधील निर्देश २०२३-१६-०७ ने टर्बाइनच्या पहिल्या व दुसऱ्या टप्प्यांच्या भागांची तिरकस कोनातून श्राव्यातीत तपासणी बंधनकारक केली. सप्टेंबरमध्ये कंपनीने २०२६ पर्यंत ६०० ते ७०० जादा इंजिने उतरवावी लागतील आणि प्रत्येक इंजिन विमानावरून निघून परत बसेपर्यंत २५० ते ३०० दिवस लागतील, असा अंदाज दिला. येथे बाद करण्याचा निकष भागाची अवस्था नसून त्याचे चूर्ण कोणत्या काळात बनले हा आहे.

भारत : नागरी विमान वाहतूक महासंचालनालय (डीजीसीए) आरेखन करणाऱ्या देशाचे निर्देश बंधनकारक मानते आणि गरजेप्रमाणे स्वतःचे, अधिक कडक आदेशही देते. पीडब्ल्यू११००जी इंजिनाच्या कॉम्प्रेसरमधील एका सीलच्या दोषामुळे युरोपीय विमान सुरक्षा संस्थेने (ईएएसए) फेब्रुवारी २०१८ मध्ये ४५० व त्यापुढील अनुक्रमांकांची दोन्ही इंजिने असलेली विमाने तीन चक्रांनंतर उडवू नयेत, असे म्हटले. १२ मार्च रोजी अहमदाबादहून निघालेले विमान इंजिन बंद पडून परतल्यावर डीजीसीएने असे एक जरी इंजिन असलेली ११ विमाने जमिनीवर उभी करायला लावली. त्यांत इंडिगोची ८ व मुंबईस्थित गोएअरची ३ होती. १ नोव्हेंबर २०१९ च्या आदेशाने इंडिगोच्या ९७ विमानांवर कमी दाबाच्या टर्बाइनची सुधारित पाती असलेली इंजिने ३१ जानेवारी २०२० पर्यंत बसवायची होती. ही मुदत पुढे मे व नंतर ऑगस्टपर्यंत वाढवण्यात आली. धातुचूर्ण प्रकरणात २०२४ च्या आरंभी इंडिगोची सत्तरहून अधिक विमाने उभी होती. गो फर्स्टने (पूर्वीची गोएअर) मे २०२३ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज करताना इंजिनांच्या तुटवड्याकडे बोट दाखवले. उत्पादकाला ते मान्य नव्हते. ती इंजिने मुख्यतः धातुचूर्णापूर्वीच्या तक्रारींमुळे उतरलेली होती.

कागदपत्रे : आयुर्मर्यादित भागाचा घडणीपासून आजवरचा माग (बॅक-टू-बर्थ) सलग असावा लागतो. तो कोठे किती चक्रे फिरला याची साखळी मध्येच तुटली तर धातू निर्दोष असूनही भाग वापरता येत नाही. वापरास योग्य ठरलेल्या भागासोबत मोकळीक-प्रमाणपत्र देतात. भारतात त्यास सीए फॉर्म १, युरोपात ईएएसए फॉर्म १ व अमेरिकेत ८१३०-३ म्हणतात. लंडनच्या एओजी टेक्निक्स या दलाल संस्थेने विकलेल्या भागांची प्रमाणपत्रे बनावट असल्याचे २०२३ मध्ये उघड झाले. पोर्तुगालमधील तंत्रज्ञांच्या हाती आलेला भाग कागदावर लिहिल्यापेक्षा जुना दिसत होता, तेथून शोध सुरू झाला. जगभरातील शंभराहून अधिक इंजिनांत हे भाग बसवले गेले होते.

लष्करी इंजिने : भारतात यांची विमानयोग्यता बंगळूरू येथील सेमिलॅक ही संस्था पाहते.

विल्हेवाट : उतरवलेला आयुर्मर्यादित भाग चुकून पुन्हा बसू नये यासाठी अमेरिकेच्या २००२ पासूनच्या नियम ४३.१० मध्ये पर्याय दिलेले आहेत : नोंदवही, चिठ्ठी, पुसता येणारी खूण, कायमची खूण, वेगळे ठेवणे, निकामी करणे किंवा मान्य झालेली अन्य पद्धत. भंगारात जाणाऱ्या भागांसाठी याहून सविस्तर सूचना १९९४ पासून आहेत. घासून झिजवणे, जाळणे, महत्त्वाचा कान (लग) उडवणे, आकार कायमचा बिघडवणे, गॅसच्या ज्योतीने किंवा करवतीने मोठे भोक पाडणे, वितळवणे आणि अनेक लहान तुकडे करणे या पद्धती परिणामकारक समजतात. रंग फासणे, शिक्का मारणे, हातोड्याचे ठोके, लहान भोके, चिठ्ठी लावणे आणि नुसते दोन तुकडे करणे या अपुऱ्या समजतात, कारण असे भाग डागडुजी करून, पॉलिश करून पुन्हा बाजारात आलेले आहेत. नष्ट केलेल्या भागाचा अनुक्रमांक जपून ठेवावा व उत्पादकाला कळवावा, अशीही शिफारस आहे. त्याच क्रमांकाची तबकडी पुढे कोठे विक्रीस आली, तर ती ओळखण्याचा तेवढाच मार्ग उरतो.