घाट चढणारे पाय, हिमालयातले रक्त

मोताळ्याकडून राजूर घाट चढला की बुलढाणा लागते. अजिंठ्याच्या रांगेवरचे, सुमारे ६५० मीटर उंचीचे हे गाव विदर्भात थंड हवेचे म्हणून मिरवते. पाठीवर ओझे घेऊन हा घाट रोज चढला तर पाय घडतात, नवे बूटही पायाला सरावतात. रक्त मात्र घडत नाही. एव्हरेस्टच्या तळछावणीवर, ५,३०० मीटरच्या पुढे, श्वासागणिक प्राणवायू जवळजवळ निम्माच मिळतो. सह्याद्रीत तयार झालेले सुरेंद्र चव्हाण १८ मे १९९८ रोजी शिखरावर पोहोचले, २०१२ मध्ये पुण्याच्या ‘गिरिप्रेमी’चे आठजण, पण विरळ हवेची सवय त्यांनाही तिथेच, आठवडे घालवून करावी लागली.

हे शास्त्र ग्रिफिथ प्यू या ब्रिटिश शरीरक्रियाशास्त्रज्ञाने पक्के केले. १९५२ च्या स्विस मोहिमेची दमछाक त्याने कमी पाणी पिण्याशी जोडली. म्हणून १९५३ च्या तुकडीला सरावासाठी सुमारे तीन आठवडे मिळाले, आणि बर्फ वितळवायला चांगले स्टोव्हही. माझ्या मते त्या मोहिमेतले सर्वांत मोलाचे सामान हे स्टोव्हच. २९ मेच्या पहाटे हिलरींनी रात्री काढून ठेवलेले बूट गोठून कडक झाले होते; ते स्टोव्हवर शेकण्यात दोन तास गेले. तेनसिंग बूट घालूनच झोपले होते.