गंगारामची १ जून

माझ्या आजोबांची जन्मतारीख १ जून. गावातल्या अर्ध्याअधिक म्हाताऱ्यांची तीच! शाळेत नाव घालताना तारीख माहीत नसली की गुरुजी १ जून लावून टाकायचे. तीच पुढे आधार कार्डावर आली.

पिंपळे सौदागरच्या फ्लॅटमध्ये बसून अमेरिकेतल्या 'येल सेंटर फॉर ब्रिटिश आर्ट'चा कॅटलॉग चाळताना हे आठवलं. तिथे गंगाराम चिंतामण तांबट आहे. पुण्याचा हा चित्रकार इंग्रजांचा वकील चार्ल्स मॅलेटसाठी काम करायचा. वेरूळची लेणी त्याने कागदावर उतरवली, पेशव्यांच्या शिकारखान्यातला गेंडाही काढला. गेंड्याच्या नोंदीत नोव्हेंबर १७९० आहे. गंगारामपुढे मात्र नुसतं 'कार्यरत, १७९० चं दशक'. त्याच काळात पुण्यात आलेला स्कॉटिश चित्रकार जेम्स वेल्स: १७४७–१७९५. दोन्ही टोकं पक्की.

पण वर्षावरून शोधायचं तर डेटाबेसला आकडे लागतात. म्हणून गेटी संस्थेच्या कलाकारसूचीत वाचकांसाठी एक ओळ असते आणि शोधासाठी वेगळी, अंदाजाने मुद्दाम सैल धरलेली जन्म-मृत्यूची वर्षं. घोळ होतो तो आम्हा डेव्हलपरांमुळे. आम्ही ती आतली वर्षं बिनधास्त स्क्रीनवर आणतो. समजा, उद्या गंगारामपुढे '१७६०–१८२०' दिसलं, तर चार साइट्स ते उचलतील, आणि 'अंदाजे' वाटेतच गळेल. झाली त्याची १ जून.

रिकामा रकाना चालवून घेणारा फॉर्म लिहायला फार तर एक दुपार लागते.